पावसाळ्यात ग्रुप फुटतो: एअर रायफलमध्ये पेलेटची पकड सारखी कशी ठेवायची

मृग लागला की कोकणातल्या दहा मीटरच्या रेंजांवर एक तक्रार ठरलेली. मे महिन्यात ज्या मुलीचे दहा शॉट एका भोकात जात होते, त्याच मुलीचे जुलैत आठ शॉट एका जागी आणि दोन भलतीकडे. यालाच ग्रुप फुटणं म्हणतात, आणि भलतीकडे गेलेल्या शॉटना फ्लायर. हात तोच, रायफल तीच, पेलेटही त्याच कंपनीचे. मुलगी म्हणते, "सर, शॉट एकदम स्वच्छ सुटला होता." वडील बाजूला घेऊन विचारतात, "सर, बंदूक बदलूक व्हयी काय?"

बहुतेक वेळा नको. लाखो रुपये घालून नवी रायफल आणली तरी तीच हवा, तेच कपाट आणि तीच पेलेट भरायची पद्धत राहणार असेल, तर पुढच्या पावसात तेच फ्लायर पुन्हा दिसतील. या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा एकाच जागी सापडतं: बॅरलच्या मागच्या टोकाला पेलेट किती घट्ट बसतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक शॉटला तो तितकाच घट्ट बसतो का.

आपला पेलेट म्हणजे ४.५ मिलिमीटरचा शिशाचा तुकडा. रायफलच्या मॅच पेलेटचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम. पुढे चपटं डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर, ज्याला सगळे स्कर्ट म्हणतात. डोकं बॅरलमधल्या आट्यांवर (आतल्या पिळदार खाचांवर) टेकून पेलेटला मधोमध धरतं. स्कर्ट पातळ असतो, मागून हवेचा दाब आला की फुलतो आणि हवा पुढे निसटू देत नाही. म्हणजे डोक्याने दिशा सांभाळायची आणि स्कर्टने वेग. डोकं एका बाजूला कललं तर पेलेट डुलत बाहेर पडतो. पकड कमीजास्त झाली तर पेलेट जागचा हलण्याआधी मागे साठणारा दाब बदलतो आणि वेग बदलतो.

वेगाचा हिशेब एकदा मांडून बघा, म्हणजे हे किती बारीक प्रकरण आहे ते कळेल. सेकंदाला सुमारे १७२ मीटर वेगाने निघालेला पेलेट दहा मीटर जायला ०.०६ सेकंद घेतो आणि तेवढ्यात १७ ते १८ मिलिमीटर खाली येतो. वेग ५ मीटरने कमी झाला तर तो आणखी सुमारे १ मिलिमीटर खाली लागतो. टार्गेटवरची दहाची रिंग अवघी अर्धा मिलिमीटर, आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर प्रत्येक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. म्हणजे १ मिलिमीटरला ०.४ गुण गेले. ३ मिलिमीटर लांब गेलेला शॉट ९.८ दाखवतो. ६० शॉटच्या सामन्यात ६५४ पैकी गुण मोजले जातात आणि फायनलचं आठवं स्थान पुष्कळदा एखाद्या गुणाच्या आत ठरतं. असे चार-पाच शॉट गेले की सामना गेला.

सेंटरफायर रायफलची, म्हणजे बारुदावर चालणाऱ्या मोठ्या बंदुकीची, काडतुसं स्वतः भरणारे परदेशातले नेमबाज याच गोष्टीसाठी जीव टाकतात. पितळी काडतुसाची मान गोळीपेक्षा इंचाच्या दोन-तीन हजारांशाने लहान ठेवायची, दर वेळी झाडल्यावर पितळ कडक होत जातं म्हणून ते तापवून पुन्हा मऊ करायचं, ही सगळी खटपट गोळी सगळीकडे सारखी धरली जावी म्हणून. आपल्याकडे काडतुसं तयार करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा तो विषय इथेच सोडतो. पण तत्त्व एकच: पकड घट्ट की सैल हा प्रश्न नंतरचा, ती सारखी आहे का हा आधीचा.

आधी नेमबाज बाजूला काढा

कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी हे करा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा, कोणा अनुभवी माणसाला बसवा आणि दहा-दहा शॉटचे चार-पाच ग्रुप मारा. पिशवीत किनाऱ्यावरची वाळू भरू नका. ती खारी असते, ओल धरते, आणि आठवडाभरात रायफलच्या खालच्या भागावर गंज दिसायला लागतो. नदीची धुतलेली वाळू चालते, साधा तांदूळही चालतो.

चांगली रायफल आणि तिला मानवणारा पेलेट असेल तर दहा शॉटचं मिळून एकच भोक सहा मिलिमीटरच्या आसपास बाहेरून बाहेर भरतं. पेलेट स्वतःच साडेचारचा आहे हे लक्षात घ्या. टेकून मारल्यावर ग्रुप असा आला तर रायफल आणि पेलेट दोघांनाही दोष नाही. मग पोझिशन, ट्रिगर, घामाने ओलं झालेलं जॅकेट, झोप, परीक्षेची धास्ती, हे बघायचं; त्यावर वेगळं लिहावं लागेल.

टेकूनही फ्लायर आले तर ते कुठे जातात ते बघा. बहुतेक वर-खाली एका उभ्या रेषेत जात असतील तर वेग बदलतोय: हवा, रेग्युलेटर (सिलिंडरमधून येणाऱ्या हवेचा दाब दर शॉटला सारखा ठेवणारा भाग), सील. चहूकडे कसेही उडत असतील तर पेलेट, त्याची बैठक किंवा बॅरलचं तोंड. दोन वेगळे ग्रुप पडत असतील, काही शॉट इथे आणि काही तिथे, तर काहीतरी ढिलं आहे: स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू, मागची साइट, बॅरलवरचं वजन. हे अगदी काटेकोर नियम नाहीत, पण कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरवता येतं.

स्प्रिंगच्या रायफलला मात्र अशी घट्ट टेकवून चाचणी लावू नका. तिच्यात पिस्टन पुढे धावतो आणि रायफल उडी घेते. ती हलक्या हाताने, दर वेळी एकाच जागी धरून मारायची असते. पिशवीवर दाबून धरली की ग्रुप आणखी फुटतो आणि निष्कर्ष चुकतो. पेलेटबद्दल खाली लिहिलंय ते तिलाही लागू आहे, हवेच्या सिलिंडरचं नाही.

पेलेट

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

डबा उघडून चार पेलेट पांढऱ्या कागदावर टाका आणि उन्हात किंवा टॉर्चखाली बघा. ताजा पेलेट निळसर करडा, चकचकीत दिसतो. कोकणात दोन पावसाळे कपाटात काढलेला पेलेट फिका आणि निस्तेज होतो, कमरेच्या खोबणीत पांढरट भुकटी दिसते. बोटावर घासली तर पावडरसारखी लागते. शिशावर दमट हवेचा आणि आम्लाच्या वाफांचा परिणाम होऊन ही भुकटी तयार होते. ती सगळ्या पेलेटवर सारखी बसत नाही. डब्याच्या कडेचे जास्त खराब होतात, मधले कमी. म्हणून एक पेलेट सुळकन आत जातो, दुसरा खरखरत जातो आणि पकड बदलते.

आम्लाच्या वाफा कुठून आल्या, असं पालक विचारतात. लाकडातून. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, नवीन पॉलिश केलेलं फडताळ, यांतून ॲसिटिक आम्लाच्या वाफा हळूहळू बाहेर पडत राहतात. बंद कपाटात त्या कोंडतात आणि शिसं त्यांना फार लवकर बळी पडतं. संग्रहालयांतल्या जुन्या शिशाच्या वस्तू लाकडी कपाटात ठेवू नयेत असं सांगतात ते याचसाठी. घरोघर पावसाआधी खिडक्यांच्या फटी बुजवायला सिलिकॉन लावतात. त्यातलं व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना हेच आम्ल सोडतं. ज्या खोलीत ते ताजं लावलंय तिथे पेलेट ठेवू नका.

ठेवायचं कसं? घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणाऱ्या. रंग बदलला की पुड्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात. तवा मात्र स्वयंपाकाचा नको. मिठात तांदळाचे दाणे टाकायची आपली घरगुती सवय इथे पुरत नाही. पेलेटचा मूळ पत्र्याचा डबा फोडू नका, तो तसाच या मोठ्या डब्यात ठेवा. लागेल तेवढाच एक डबा बाहेर काढा. जांभ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेलं काहीही जून ते सप्टेंबर ओलं राहतं, त्यामुळे डबा भिंतीपासून दूर, वरच्या फळीवर.

भुकटी धरलेल्या पेलेटचं काय करायचं? काही जण साबणाने धुतात, तेल लावतात, गाळून वाळवतात. माझं मत स्पष्ट आहे: सामन्याला ते वापरू नका. धुतल्याने भुकटी जाते, पण तिने खाल्लेलं शिसं परत येत नाही आणि डोक्याचा आकार बदललेला असतो. तेल प्रत्येक पेलेटवर सारखं लावणं जवळजवळ अशक्य, म्हणजे एक फरक घालवायला दुसरा आणला. नवीन मुलांना उभं राहायला आणि ट्रिगर शिकवायलाही ते नको, कारण ती भुकटी विषारी आहे. वेगळी बांधून ठेवा आणि भंगारात शिसं म्हणून द्या.

पुढचा दोष स्कर्टचा. मुलं पेलेटचा डबा दप्तरात किंवा स्कूटरच्या डिकीत टाकतात आणि महामार्गाच्या खड्ड्यांतून तासभर प्रवास करून येतात. डबा पोकळ वाजत असेल तर आतला प्रत्येक पेलेट दुसऱ्यावर आपटतोय. स्कर्ट कागदासारखा पातळ असतो, जरासा धक्का लागला की वर्तुळाचा अंडाकार होतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. पेलेट उलटा धरून बोटांत सावकाश फिरवा. कडा अखंड गोल दिसली पाहिजे. कुठे चपटी, कुठे आत वळलेली, कुठे पातळ तुसासारखा शिशाचा काप वर आलेला दिसला तर तो बाजूला. डब्याच्या झाकणाखाली फोमची चकती कापून बसवली तर पेलेट हलत नाहीत आणि ही समस्या जवळजवळ संपते.

आता डोक्याचा आकार. मॅच पेलेटच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे छापलेले असतात. फरक शंभरांश मिलिमीटरचा, पण बॅरलला तो कळतो. कुठला आकार चांगला याचं सरसकट उत्तर नाही. ते त्या एका बॅरलचं उत्तर असतं. मित्राच्या रायफलला ४.५० लागतो म्हणून तुमच्याही लागेल असं धरू नका, दोन्ही रायफली एकाच मॉडेलच्या असल्या तरी. प्रत्येक आकाराचा एकेक डबा मिळवा, क्लबमध्ये चारजणांनी मिळून घेतला तर परवडतं, आणि टेकून दहा-दहाचे निदान पाच ग्रुप मारा. एका ग्रुपवरून निवड करू नका. एखादा ग्रुप नशिबानेही छान येतो.

निवडलेल्या डब्याच्या मागचा लॉट क्रमांक उतरवून घ्या. कंपनी तीच, नाव तेच, आकार तोच, पण लॉट बदलला की साचा किंवा शिशाची कडकी थोडी बदलते आणि ग्रुप बदलू शकतो. आपल्याकडे माल कुरियरने येतो आणि दुकानदार जो हाताला लागेल तो लॉट पाठवतो. फोनवर लॉट क्रमांक सांगून मागा, आणि चालतोय म्हटल्यावर मोसमभर पुरतील तेवढे डबे एकदम घ्या. ५०० पेलेटचा डबा रोज सराव करणाऱ्या मुलाला आठवडाभरही पुरत नाही, तेव्हा एकट्याने घेण्यापेक्षा क्लबने घ्यावेत.

एकाच डब्यातले पेलेट सारखे आहेत का हे तपासायला एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. जाड काचेचा एक तुकडा टेबलावर ठेवा, खिडकीच्या काचेएवढा पुरे. एका कडेखाली पातळ वही सरकवून अगदी हलका उतार द्या. वरच्या कडेला पेन्सिलीने खूण करा आणि पेलेट आडवा ठेवून सोडा. स्कर्ट डोक्यापेक्षा मोठा असल्यामुळे तो सरळ घरंगळत नाही, कमान घेत वळतो आणि काचेच्या खालच्या कडेला एका जागी येऊन पडतो. तिथे कागद लावून खुणा करत जा. चांगल्या लॉटचे बहुतेक पेलेट दोन बोटांच्या रुंदीत येऊन पडतील. डोकं लहान असेल तर कमान जास्त वळते, मोठं असेल तर कमी. स्कर्ट चेपलेला पेलेट अडखळत, लंगडत येतो. तो डोळ्यालाच दिसतो. काच आधी पुसून कोरडी करा, दमट काचेवर पेलेट चिकटून थांबतो आणि खुणा खोट्या पडतात. या कामात लहान भावंडांना घेऊ नका, शिसं आहे.

पेलेटचं वजन करून वेगळे करणारे भेटतात. मिलिग्रॅम दाखवणारा काटा आता फार महाग नाही. पण चांगल्या मॅच पेलेटमध्ये वजनाचा फरक मुळातच थोडा असतो आणि दहा मीटरवर त्याने पडणारा फरक डोक्याच्या आकारापुढे किरकोळ आहे. संध्याकाळचे दोन तास वजन करण्यापेक्षा भिंग आणि काच यांवर घालवा.

पेलेट आत बसतो तेव्हा

पेलेट चांगले, लॉट जुळलेला, तरी फ्लायर येतात, तेव्हा बैठक बघायची. इथे मी एक चाचणी करायला सांगतो, कारण हिच्यात स्वतःची समजूत घालायला वाव राहत नाही. नेमबाजाने पेलेट भरताना लीव्हर बंद करतानाचा स्पर्श बघायचा आणि शॉट मारण्याआधीच शेजारच्याला सांगायचं: "सारखा", "सैल" किंवा "घट्ट". शेजारच्याने शॉटच्या क्रमांकापुढे लिहून ठेवायचं. मॉनिटर नेमबाजाला दिसता कामा नये. तीस-चाळीस शॉट झाले की दोन्ही याद्या शेजारी ठेवा. "सैल" आणि "घट्ट" म्हटलेल्या शॉटमध्येच बहुतेक फ्लायर निघाले तर दोष सापडला. तसं काही जुळलं नाही तर तुम्ही चुकीच्या जागी शोधताय, पुढे चला.

काही रायफलींच्या लीव्हरला इतका जोर असतो की बोटाला काहीच जाणवत नाही. तिथे पेलेट परत काढून बघावा लागतो. क्लबच्या माणसासमोर, शांतपणे करायचं काम आहे हे. सिलिंडर काढा, रायफल सुरक्षित दिशेला धरून, पेलेट न घालता एक कोरडा शॉट मारून आत अडकलेली हवा घालवा, मग पेलेट भरून लीव्हर बंद करा आणि उघडा. प्लास्टिकचं वेष्टण असलेला सफाईचा गज बॅरलच्या पुढच्या तोंडातून हलकेच आत घाला, कडेला घासू न देता, आणि पेलेट मागे ढकलून काढा. आता भिंगाखाली डोक्याची कड बघा. आट्यांच्या बारीक खुणा सगळीकडे सारख्या उमटलेल्या असतील तर पेलेट सरळ बसला. अर्ध्या बाजूला खोल आणि उरलेल्या बाजूला नुसती चमक असेल तर तो तिरका गेला. खुणाच नसतील तर डोकं त्या बॅरलला लहान पडतंय. असे आठ-दहा पेलेट काढून रांगेत ठेवले की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

तिरका जाण्याचं कारण बहुधा घाई. पेलेट ट्रेमध्ये टाकायचा नाही, ठेवायचा. डोकं पुढे, स्कर्ट मागे, आणि लीव्हर एकाच वेगाने मिटवायचा. ७५ मिनिटांत ६० शॉट म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट मिळतं. त्यातले दोन सेकंद पेलेटला द्यायला काही हरकत नाही. पेलेट पुढे ढकलणारी जी छोटी सळई असते तिच्या टोकावर शिशाचा थर साचलाय का तेही बघा. साचला की ती पेलेटला एका बाजूने रेटते. कोरड्या कापडाने पुसलं की काम होतं.

तिथेच ब्रीचचं, म्हणजे पेलेट भरायच्या मागच्या तोंडाचं, रबरी रिंग असतं. ते झिजलं किंवा कडक झालं की हवा मागे निसटते, तीही कधी कमी कधी जास्त. टिश्यू पेपरची पातळ पट्टी ब्रीचवर आडवी ठेवून शॉट मारा. पट्टी फडफडली तर रिंग बदला. चेहरा दूर ठेवा. रिंग स्वस्त आहे, पण मापाचंच घ्या. मोटारसायकलच्या दुकानातलं "जवळपास तेवढंच" बसवू नका.

हवा आणि पाणी

उभ्या रेषेत पडणाऱ्या शॉटसाठी इथे या. पावसाळ्यात ३० अंशांना आपल्याकडच्या एका घनमीटर हवेत २५ ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात असतं. २०० मिलिलिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचा म्हणजे बाहेरची ४० लिटर हवा आत कोंबायची. त्यात जवळजवळ एक ग्रॅम पाणी येतं. हवा दाबली की ते पाणी वाफ म्हणून राहत नाही, थेंब होतं. चांगल्या पंपाचा वा कॉम्प्रेसरचा फिल्टर ते अडवतो. हातपंपाचा छोटा फिल्टर दमट दिवसांत लवकर भिजतो आणि पाणी पुढे सोडतो. ते सिलिंडरमधून रेग्युलेटरमध्ये पोचलं की स्प्रिंग आणि वॉशर खराब होतात आणि दर शॉटला मिळणारा दाब हलायला लागतो.

हातपंपच असेल तर थांबून थांबून भरा, पंप थंड होऊ द्या, पाणी सोडायचा स्क्रू दर वेळी उघडा, फिल्टरचं सुकवणारं साहित्य पावसाळ्यात वेळेआधीच बदला. त्याहून चांगलं म्हणजे स्कूबाचा मोठा सिलिंडर ठेवून त्यातून रायफलचा भरणं. माणसाने श्वासात घ्यायची हवा कोरडी आणि गाळलेली असावी लागते, म्हणून पाणबुड्यांचे कॉम्प्रेसर आपल्या कामाला उत्तम. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात स्कूबा चालवणारे पुष्कळ आहेत, तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंगची संस्थाही आहे. पावसात समुद्र बंद असतो तेव्हा बहुतेक ठिकाणी कामही थांबतं, तेव्हा मे अखेरीस मोठा सिलिंडर भरून ठेवा. भरताना सावकाश भरा. झटक्यात भरलं की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि तासाभराने खाली उतरलेला असतो.

पंपाच्या किंवा सिलिंडरच्या जोडावर खोबरेल, मशीनचं तेल, ग्रीस असलं काही लावू नका. उंच दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. फक्त कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही नखाएवढं. आणि सिलिंडरवरची तारीख वाचा: मॅच रायफलच्या सिलिंडरला कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडतो, आणि अडला नाही तरी वापरू नये.

रेग्युलेटरचा दोष ओळखायचा असेल तर सिलिंडर भरलेली पण पेलेट न घातलेली, कॉक न केलेली रायफल दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा आणि मग पेलेट घालून एक शॉट मारा. तो एकटाच उंच गेला आणि पुढचे जागेवर आले, असं वारंवार झालं, तर रेग्युलेटर दाब धरून ठेवत नाहीये, हळूहळू वाढवतोय. ते घरी खोलू नका.

एसीतून आणलेल्या रायफलकडे लक्ष द्या. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर २७ अंशांखालच्या कुठल्याही धातूवर दव बसतं. गाडीतला एसी २३-२४ वर असतो. पेटी लगेच उघडली की बॅरलला आतून घाम फुटतो, आणि पहिले पाच-दहा शॉट ओल्या बॅरलमधून जातात. पेटी बंदच ठेवून अर्धा तास खोलीत राहू द्या.

बॅरल

थोडक्यात सांगतो. सरावाच्या दिवशी संपल्यावर फेल्टचे दोन-तीन सफाई पेलेट कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने काढा. दोन कोरडे निघाले की बस. तेल अगदी पुसटसं, आणि फक्त रायफल काही दिवस पेटीत राहणार असेल तेव्हा. पुन्हा वापरण्याआधी कोरडे फेल्ट. रोज ब्रश घालून खरवडू नका. सफाईनंतर बॅरल स्थिर व्हायला काही शॉट लागतात, म्हणून सामन्याच्या सकाळी सफाई नको. बॅरलच्या पुढच्या कडेवर गंजाचा ठिपका आला असेल तर तो शॉट फेकतो. खारं वारं थेट येणाऱ्या गावांत रायफल हातात धरल्यावर घामाचे ठसे पुसल्याशिवाय पेटीत ठेवायची नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

लाकडी स्टॉक पावसात फुगतो आणि डिसेंबरात आकसतो. स्क्रू टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्यावर आणा, जूनमध्ये एकदा आणि थंडी सुरू झाल्यावर एकदा. हाताच्या अंदाजाने आवळू नका.

दमट हवेवर सगळं ढकलूनही देऊ नये. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत दहा मीटर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० करणाऱ्या सुमा शिरूर यांचा क्लब पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. तिथेही पाऊस असाच कोसळतो. क्वालालंपूर तर बारा महिने दमट.

शिशाबद्दल: रेंजवर खाणं-पिणं नको, घरी जाण्याआधी साबणाने हात आणि तोंड, पेलेट तोंडात धरायची सवय असेल तर आजपासून बंद. डबे आणि भिंग ठेवायची जागा स्वयंपाकघराच्या ओट्यापासून लांब.

हे सगळं करूनही ग्रुप फुटत असेल तर रायफल पुण्या-मुंबईला कारागिराकडे पाठवावी लागेल. नुसतं "शॉट फेकते" अशी चिठ्ठी जोडू नका, महिनाभर रायफल पडून राहते आणि तशीच परत येते. सोबत टेकून मारलेले पाच ग्रुप पाठवा, प्रत्येक कागदावर तारीख, पेलेटचं नाव, डोक्याचा आकार, लॉट क्रमांक आणि सुरू करताना सिलिंडरचा दाब लिहून. क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर दहा शॉटचे वेग. टिश्यूची पट्टी हलली की नाही, विश्रांतीनंतरचा शॉट उंच गेला का, मागे ढकलून काढलेल्या पेलेटवर खुणा कशा होत्या. ते पेलेट एका छोट्या डबीत कापूस घालून पाठवलेत तर आणखी चांगलं. सिलिंडर रिकामा करून, वेगळा काढून पाठवा. आणि ज्या लॉटने तक्रार दिसते त्याचे पन्नासेक पेलेट जोडायला विसरू नका, कारण कारागिराने आपल्याकडचे पेलेट घालून पाहिले तर त्याला दोष दिसणारच नाही.